बर्फातली खुडूक

मॉन्ट्रियलच्या आपल्या मंडळींना ओका ठाऊक आहे ते दोन गोष्टींसाठी. जुलैत पार्कातल्या वाळूवर चादर पसरून भेळ खायला आणि सप्टेंबरात पोराबाळांना घेऊन सफरचंदं तोडायला. डिसेंबर उजाडला की मात्र हायवे ६४० वरून पश्चिमेकडे जाणारी मराठी गाडी शोधून सापडायची नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही पंधरा दिवसांत दोनदा तिकडे जाऊन आलो आणि तेही एका कोंबडीसाठी, हे मंडळाच्या शिवजयंतीला कळल्यावर आमची यथेच्छ चेष्टा झाली. म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

मॉन्ट्रियलहून रस्ता तासाभराचा. ६४० संपतो तिथे पार्क लागतं आणि तिथून ३४४ नंबरचा रस्ता ओका गावात जातो. ओटावा नदी इथे ऐसपैस पसरली आहे. त्या पाण्याला म्हणतात लाक दे द्यो मोंतान्य, म्हणजे दोन डोंगरांचं सरोवर. डोंगर म्हणाल तर सह्याद्रीत वाढलेल्या माणसानं हसू दाबावं इतपतच. पण हिवाळ्यात तो सगळा विस्तार पांढराशुभ्र गोठलेला असतो, त्यावर मासे धरणाऱ्यांच्या रंगीबेरंगी खोपट्या उभ्या असतात आणि माणसं बर्फाला भोक पाडून तासन् तास गळ टाकून बसतात. टेकडीवर अठराव्या शतकातल्या दगडी चॅपल आहेत. गावाला लागूनच मोहॉक लोकांचं कानेसाताके आहे. १९९० च्या उन्हाळ्यात पाइनच्या राईत, पूर्वजांच्या दफनभूमीला लागून गोल्फचं मैदान वाढवायचं ठरलं, तेव्हा ७८ दिवस नाकेबंदी झाली ती इथेच. रस्त्यानं जाताना ती राई दिसते. मुलीच्या शाळेत तो धडा झाला होता, त्यामुळे आमच्या गाडीत त्यावर बरंच बोलणं झालं.

आम्हाला जायचं होतं ते ओकाच्या पुढे, सें-प्लासिडच्या वाटेवरच्या एका शेतावर. तिथली बाई आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मावशी. आम्ही सगळे तिला मादाम म्हणतो, इथेही तेच म्हणू. वय सत्तरीच्या आसपास. म्हणजे आमच्या आईच्याच वयाची.

आईविषयी थोडं सांगायला हवं. बाबा गेल्यानंतर ती प्रथमच इथे आली आणि आली ती नेमकी नोव्हेंबरात. संगमेश्वराजवळच्या आमच्या घरी पहाटे पाचला तिचा दिवस सुरू होतो. इथे सकाळी साडेसातपर्यंत काळोख, दुपारी साडेचारला पुन्हा काळोख, आणि मधल्या वेळात खिडकी. "अरे, इथे कावळा तरी कसा दिसत नाही?" असं एकदा म्हणाली, मग तेही म्हणेनाशी झाली. जानेवारीच्या शेवटी सहकाऱ्यानं बोलता बोलता सांगितलं, "मावशीची एक कोंबडी भर हिवाळ्यात अंड्यांवर बसलीय." आम्ही घरी येऊन सहज तेच सांगितलं. आई उठून बसली. "खुडूक? या थंडीत? कोणी बसवली?" कित्येक दिवसांत तिनं एका दमात तीन प्रश्न विचारले नव्हते. पहिल्या फेब्रुवारीला, शनिवारी, आम्ही निघालो.

आता कोंबडीचं कूळ. ही जात शाँतक्लेर. जिथे ती बसली होती तिथून थोड्याच अंतरावर, ओकाच्या मठात ही जात घडली. ट्रॅपिस्ट पंथाच्या साधूंनी १८८१ मध्ये हा मठ स्थापन केला आणि १८९३ पासून ते तिथे चीज बनवू लागले; तेच पुढे जगप्रसिद्ध ओका चीज. या मठात ब्रदर विल्फ्रिद शातलेन नावाचे एक साधू होते. कॅनडात पाळतात त्या सगळ्या कोंबड्या बाहेरून आलेल्या, इथल्या थंडीसाठी घडवलेली एकही नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. थंडीत कोंबडीचा पहिला बळी जातो तो तिचा तुरा. तुरा आणि गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्या गोठतात, काळ्या पडतात, झडतात. ब्रदर विल्फ्रिदनी १९०८ पासून संकर करायला सुरुवात केली. डार्क कॉर्निश, व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट वायनडॉट आणि शेवटी व्हाइट प्लीमथ रॉक. यातल्या लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड ही नावं कुक्कुटपालन योजनेच्या सरकारी पाट्यांवर वाचतच आमची पिढी लहानाची मोठी झाली. १९१८ मध्ये त्यांनी ही जात लोकांपुढे आणली, १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं तिला मान्यता दिली. पांढरीशुभ्र, अंगानं भरलेली, आणि तुरा म्हणाल तर डोक्यावर लिमलेटची गोळी चिकटवल्याएवढा. पाळ्या जवळजवळ नाहीतच. गोठायला काही ठेवलंच नाही!

यात आपलाही वाटा आहे बरं का. डार्क कॉर्निश ही इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची जात, पण तिचं जुनं नाव इंडियन गेम, कारण ती आपल्या झुंजीच्या असील कोंबड्यांपासून केलेली. त्याहून गमतीचे आहेत या कोंबडीचे पिवळे पाय. कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण त्याची कातडी पिवळी नसते. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबड्यांत हा पिवळेपणा आला तो राखी रानकोंबड्याकडून. हा पक्षी फक्त भारतातला, आपल्या सह्याद्रीतला. आमच्या घरामागच्या रानात पहाटे ओरडतो तोच. आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग बसेलच ती."

मादामच्या शेतावर जुनं लाकडी बार्न आहे. बाहेर उणे पंधराच्या खाली, सरोवरावरून येणारं वारं वेगळंच. बार्नच्या एका बाजूला चार गाई, आणि त्यांच्या भिंतीला टेकून फळ्यांचा आडोसा. आत गवताचा हातभर जाड थर, त्यात एक खोलगट लाकडी खोकं आणि त्यात ती. पिसं फुलवून दुप्पट झालेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि आम्ही वाकल्याबरोबर घशातून तो ठरावीक गुरगुराट. कोकण असो की क्युबेक, खुडूक कोंबडीची भाषा एकच.

आमचा धंदा इमारतींच्या हीटिंग-व्हेंटिलेशनचा. आमची मास्टर्स याच विषयात, इथलीच. त्यामुळे आम्ही आधी थर्मामीटर बघितला. बार्नमध्ये उणे तीन! हीटर नाही, इन्फ्रारेड दिवा नाही. उलट वर छपराशी एक झरोका मुद्दाम उघडा. आम्ही त्याच्याकडे बोट दाखवलं तर मादाम म्हणाल्या, "थंडीनं कोंबडी मरत नाही, ओलीनं मरते." शंभर टक्के खरं. श्वासाची आणि शिटेची वाफ कोंडली की ती तुऱ्यावर, पिसांवर बसते आणि तीच गोठते. वर अमोनियानं छाती भरते ती वेगळीच. दमट उबेपेक्षा कोरडी थंडी बरी, फक्त अंगावर वारा येता कामा नये. हीटचे दिवे गवतात पडून दर हिवाळ्यात कुठली तरी खुराडी जळतात, म्हणून त्या दिवा लावतच नाहीत.

मग अंड्यांना ऊब कुठून? तर कोंबडीच्या अंगातून. तिचं अंग ४१ डिग्रीच्या आसपास. खुडूक झाली की तिच्या छातीची पिसं झडतात, ती स्वतःही उपटते, आणि तिथली उघडी कातडी रक्तवाहिन्यांनी भरून येते. ती कातडी थेट अंड्याला टेकते. अंडं हवं ३७-३८ डिग्रीला, बाहेर उणे तीन, आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटर पिसं. या एवढ्या यंत्राची ताकद किती, तर दहा वॉटच्या आसपास. रात्री मोरीत लावतो त्या दिव्याएवढी. आम्ही अख्ख्या इमारती तापवतो, मग त्यातली माणसं तापतात. कोंबडी खोली तापवायच्या भानगडीत पडतच नाही. दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं अंडी फिरवते, कडेची मध्ये घेते, मधली कडेला नेते. दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटांत खाणं, पाणी, शीट उरकून परत येते. त्या तेवढ्या वेळात अंडी निवतात, पण गवताच्या खोलगट घरट्यात तेवढं चालून जातं. पाण्याखाली मात्र विजेची छोटी तबकडी होती, नाहीतर पाण्याचा दगड होतो.

खरं तर हिवाळ्यात कोंबडी अंडीच फारशी घालत नाही. इथे डिसेंबरात दिवस पावणेनऊ तासांचा असतो, आणि चौदा तास उजेड मिळाला नाही तर तिचं शरीर समजतं की पिल्लांचा मोसम नाही. मादाम खुराड्यात टायमरवर बल्ब लावून दिवस लांबवतात, त्यानं अंडी चालू राहतात आणि एखादीच्या डोक्यात वसंतही येतो. कारखान्यातल्या कोंबड्यांत ही खोड उरलेली नाही. पिढ्यान् पिढ्या निवडून ती काढूनच टाकली, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. जुन्या जातींत मात्र ती आहे. एरवी अशी कोंबडी तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवली की खुडूकपणा उतरतो. मादामनी तसं केलं नाही, कारण फेब्रुवारीत निघालेली तलंग उन्हाळ्याच्या शेवटी, दिवस लहान व्हायच्या आत, अंड्यावर येते. आणि शाँतक्लेरची संख्या वाढवणं हा त्यांचा ध्यास. १९७० च्या दशकात ही जात संपली असंच लोक समजून चालले होते. ती टिकली ती अशा लहान शेतांवर. १९९९ मध्ये क्युबेक सरकारनं कायदा करून कॅनेडियन घोडा आणि कॅनेडियन गाय यांच्याबरोबर तिला वारशाचा दर्जा दिला.

हे सगळं आम्हाला कळलं ते मुलीच्या कृपेनं. आमचं फ्रेंच सरकारी फॉर्म भरण्यापुरतं. ती बारा वर्षांची, फ्रेंच शाळेतली. आई मराठीत विचारी, मुलगी फ्रेंचमध्ये सांगे, मादामचं उत्तर परत मराठीत. पण थोड्या वेळानं दोघींना दुभाष्याची गरज उरली नाही.

"किती अंडी घातलीत रवणीला?" आईनं विचारलं. मादामनी सात बोटं दाखवली. आई खूश. "आम्ही अकरा घालतो, पण थंडीत सातच बरी. एकसुद्धा बाहेर राहता कामा नये." मादामनी हेच सांगितलं होतं, आईला अजून कळवायचं होतं! मग आई म्हणाली, "बाईंना विचार, लोखंड ठेवलंय का?" आमच्याकडे गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून घरट्यात लोखंडाचा तुकडा ठेवतात. आम्हाला वाटलं, आता काय भाषांतर करणार हे! मुलीनं केलं. मादाम टाळी वाजवून हसल्या. त्यांची आजी घरट्यात खिळा ठेवायची, त्याच कारणानं. फेब्रुवारीत कसला आलाय गडगडाट, पण मादामनी खिळा शोधून आणला आणि आईनं तो गवतात खोचला.

सातवा दिवस होता, म्हणून अंडी बघायची होती. मादामकडे टॉर्च. आई म्हणाली, आमच्याकडे कौलाच्या फटीतून येणाऱ्या कवडशापुढे धरतो. काळोखात टॉर्चवर अंडं ठेवलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मध्ये थरथरणारा ठिपका. सहा अंड्यांत दिसल्या, एक अंडं नुसतंच उजळलं. ते काढलं.

नंतर स्वयंपाकघरात कॉफी. तिथे ओट्यावर घूं-घूं करणारी प्लॅस्टिकची पेटी. कोंबडी मध्येच उठून गेली तर सगळा खेळ संपू नये म्हणून मादामनी त्याच दिवशी आठ अंडी मशीनमध्येही ठेवली होती. ३७.५ डिग्री, काट्यावर. मुलगी म्हणाली, "आजी, ही पण कूव्हझ." फ्रेंचमध्ये खुडूक कोंबडीलाही कूव्हझ आणि या पेटीलाही कूव्हझ. मग तिनं धाकट्याकडे बघितलं. "आणि हा होता ती पण."

धाकटा २०१७ च्या फेब्रुवारीत झाला, आठ आठवडे आधी. पावणेदोन किलोचा. चार आठवडे काचेच्या पेटीत होता. त्या वेळी बाबा आजारी, आईला येता आलं नाही. आम्ही फोनवर तिला 'इन्क्युबेटर' असंच सांगत होतो. आम्ही पेटीवरचे आकडे वाचत बसायचो, तेवढंच आम्हाला येत होतं. पहिल्या काही दिवसांनी नर्सनी त्याला बाहेर काढून हिच्या छातीवर, उघड्या कातडीवर ठेवलं, वर ब्लँकेट. "आता थंड पडेल हो," असं आम्ही म्हणत राहिलो आणि काट्यावरचं तापमान काही उतरेना. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात, बोगोटाच्या एका इस्पितळात सुरू झाली. पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आणि पेटी? तिचा जन्मही कोंबड्यांतलाच. पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञांनी प्राण्यांच्या बागेत पिल्लं उबवण्याचं यंत्र बघितलं आणि तसंच बाळांसाठी करवून घेतलं, १८८० च्या सुमाराला.

हे आम्ही सांगत होतो, पण आईचं लक्ष नव्हतं. ती पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभी होती. "एवढीशी होती?" तिनं विचारलं. "नाही गं, मोठी होती," आम्ही म्हटलं. "मध्ये हात घालायला भोकं होती." धाकट्याला यातलं काही आठवत नसल्यामुळे तो केक खात होता.

मादामचा या पेटीवर पूर्ण भरवसा नाही आणि त्याला कारण आहे. एप्रिल २०२३ मधलं बर्फाचं वादळ आपल्यातल्या सगळ्यांनाच आठवत असेल. दहा लाखांवर ग्राहकांची वीज गेली होती. आमच्याकडे दीड दिवस नव्हती, मादामकडे तीन दिवस. पेटीत चोवीस अंडी. त्या वेळी दोन कोंबड्या खुडूक होत्या. कंदिलाच्या उजेडात त्यांच्याखाली जमतील तेवढी सरकवली. सगळी नाही वाचली, पण बरीच वाचली. जानेवारी १९९८ च्या वादळाची गोष्ट त्या वेळी घरात असलेलं प्रत्येक माणूस सांगतं. तेव्हा तर काही भागांत महिनाभर वीज नव्हती.

एकविसावा दिवस येत होता १५ फेब्रुवारीला. तेराला, गुरुवारी, मोठं वादळ झालं. रविवारी त्याहून मोठं येणार असं रेडिओ ओरडत होता. (आलंही. चार दिवसांत मॉन्ट्रियलवर सत्तर सेंटिमीटरच्या वर बर्फ पडला.) मधला शनिवार तेवढा मोकळा. सौ. म्हणाली, फोटो मागवू. आई काहीच बोलली नाही. सकाळी सहाला नऊवारीवर दोन स्वेटर आणि कोट चढवून दाराशी बसली होती. गेलो.

बार्नमध्ये शिरताच मादामनी ओठांवर बोट ठेवलं. कोंबडीच्या खालून चिवचिव येत होती. पिल्लू अंडं फोडायच्या आधीच आतून बोलू लागतं आणि कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते. मादामनी तिला जरा उचललं. चार पिल्लं निघालेली, वाळून कापसासारखी. एका अंड्याला टिचभर भोक आणि आत चोचीवरचा तो पांढरा दात. सहावं गप्प. धाकट्याला ते फोडून बघायचं होतं. आईनं त्याचा हात धरला. "त्याचं त्याला येऊ दे. घाईनं काढलं तर रक्त येतं." पाचवं दुपारी आलं. सहावं आलंच नाही.

जन्मलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस डिग्री लागते. इथे उणे सहा होतं. तासाभरानं एक पिल्लू आईच्या पंखाखालून बाहेर आलं, गवतावर दोन चोची मारल्या, थरथरलं आणि पळत परत आत. मग दुसरं. बाहेर मिनिटभर, आत दहा मिनिटं. मादामनी पाण्याच्या उथळ थाळीत गोटे भरले होते, कारण या थंडीत पिल्लू भिजलं की संपलं. आईनं विचारलं, कणी घालता का? घरून पुडीत बांधून आणली होती! पिल्लांना पहिले दोन-तीन दिवस पोटातला बलकच पुरतो, पण मादामनी ती चिमूटभर कणी घेऊन थाळीशेजारी टाकली.

पेटीतल्या आठांतून सहा निघाली होती, ओट्यावर, कोरडी, एकमेकांना चिकटून. त्यांना पाच-सहा आठवडे दिव्याखाली ठेवायचं म्हणजे पुन्हा वीज आली. मादाम म्हणाल्या, रात्री अंधारात ती एकेक करून कोंबडीखाली सरकवणार. उजेडात तिनं ओळखलं तर टोचेल, सकाळी मात्र सगळी तिचीच. आईला थांबायचं होतं. पण चार वाजता आभाळ भरून आलं आणि आम्ही निघालो.

सोमवारी सकाळी, घरासमोरचं बर्फ उपसत असताना मादामचा फोन आला. मुलीनं घेतला. अकराच्या अकरा कोंबडीबरोबर हिंडत होती. आईनं तिच्याकडून फोन घेतला आणि मराठीतच म्हणाली, "खिळा काढू नका हो अजून." पलीकडून मादाम फ्रेंचमध्ये बराच वेळ काहीतरी बोलत होत्या.

ज्यांना हिवाळ्यात जायचं असेल त्यांच्यासाठी: मठातले साधू २००९ मध्ये ओका सोडून सें-जाँ-द-माथाला गेले, त्यामुळे साधू भेटतील या आशेनं जाऊ नये; दगडी इमारत मात्र बाहेरून बघावी. सरोवरावर चालायचं तर आधी बर्फाच्या जाडीची स्थानिकांकडे चौकशी करावी. शेतावर जाताना बूट धुतलेले हवेत, पक्ष्यांच्या फ्लूमुळे हल्ली सगळे त्याबाबत कडक आहेत, आणि ते योग्यच आहे. चीज घ्यायला विसरू नका. आमच्या आईला त्याचा वास सोसला नाही. मुलांनी पराठ्यात घालून संपवलं.